कंदिलाची काच, जिन्याची काच

पलूसमध्ये आता नवीन बंगला झाला की जिन्याला आणि गॅलरीला काचेचं रेलिंग येतंच. मग घरातलं कुणीतरी विचारतं, "पोरं आदळली तर फुटणार नाही ना?" आजचा भाग या प्रश्नाच्या इतिहासावर आहे.

सुरुवात आपल्याच रेल्वे लाईनवरून करू. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथून काही स्टेशनं पुढे, कराडजवळ, १९१६ मध्ये ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. तीच ओगलेवाडी. तिथला 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोचला. ज्यांच्या घरी कंदील होता त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असायची: तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की काच तडकते.

का तडकते? पाणी पडलं तिथला पृष्ठभाग एकदम आकसतो, बाकीची काच आकसत नाही. त्यामुळे पृष्ठभागावर ताण येतो. काच दाब भरपूर सोसते, पण ताण तिला सोसवत नाही.

आता गंमत बघा. काचेचा वितळलेला थेंब पाण्यात टाकला, की शेपटीवाला एक मणी तयार होतो. त्याला प्रिन्स रुपर्टचा थेंब म्हणतात. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो सहसा फुटत नाही, पण शेपटी मोडली की सगळ्याचा भुगा. १६६१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत यावर प्रयोग झाले. कारण असं, की बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला कायमचा दाबून धरतो. म्हणजे ज्या गार होण्याने कंदिलाची काच जाते, त्यानेच इथे बळ येतं.

१८७४ मध्ये फ्रान्सच्या दे ला बास्ती यांनी तापलेली काच तेलात बुडवून कडक करण्याचं पेटंट घेतलं. आजची टफन्ड काच साधारण सव्वासहाशे अंशांवर तापवून हवेच्या झोतांनी गार करतात. ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटलीच तर धारदार सुऱ्या न होता बारीक खडे होतात.

दुसरा रस्ता अपघाताने सापडला. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून एक चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा सुकलेला पापुद्रा होता. १९०९ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. लॅमिनेटेड काच ती हीच: दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा थर.

या सगळ्या इतिहासाचं सार एकच आहे. न फुटणारी काच कुणीच बनवली नाही. फुटल्यावर काय होईल, एवढंच माणसाने ठरवलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्हीसुद्धा सिस्टिम कधीतरी कोसळणार हे धरूनच पुढचं लिहितो.

आता हे जिन्याला लावून बघा. नुसती टफन्ड काच फुटली की खडे खाली सांडतात आणि पहिल्या मजल्यावर रेलिंगच्या जागी मोकळी पोकळी उरते. खड्यांनी कापलं नाही, पण माणूस पडला तर उपयोग काय? शिवाय काचेत निकेल सल्फाइडचा कण राहिला असेल, तर टफन्ड काच कुणी हात न लावताही फुटू शकते. म्हणून उंचावरच्या रेलिंगला टफन्ड काचाच लॅमिनेट केलेल्या घ्याव्यात, आणि वर खांबांना घट्ट बसवलेला हातधरा असावा. एक काच गेली तरी दुसरी उभी राहते. दोन्ही गेल्या तरी तुकडे थराला चिकटून राहतात, आणि धरायला हातधरा असतोच.

ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, काचेच्या कोपऱ्यावर आयएस २५५३ आणि आयएसआयचा शिक्का. दोन, माप आणि भोकं आधीच पक्की करा. टफन्ड झाल्यावर काच कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. "जागेवर कापून बसवतो" असं कुणी म्हणालं तर ती काच टफन्ड नाही. तीन, काचेची जाडी आणि खालची पकड स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. निम्मी ताकद त्या पकडीतच असते.

ओगलेवाडीचा कारखाना पुढे बंद पडला, गावाला नाव मात्र राहिलं. आज काच निवडताना "फुटेल का?" असं विचारू नका. "फुटल्यावर काय उरेल?" असं विचारा.

भेटू पुढच्या भागात!