करोडगिरी

निजामाच्या राजवटीत जकात खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत. अकबराने 1574-75च्या सुमारास एक कोट दाम वसुलीचा मुलूख ज्याच्या हवाली केला, तो अंमलदार ‘करोडी’. त्याला फारसी ‘गिरी’ जोडली आणि वसुलीचा हुद्दा पुढे हैदराबादेत सरहद्दीच्या जकातीचे नाव झाला.

निजामाच्या हद्दीतले वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. पलीकडे वऱ्हाड, म्हणजे ब्रिटिश अंमल. गाडीभर माल हद्द ओलांडू लागला की करोडगिरीच्या नाक्यावर थांबलाच. हा शब्द आजोबांच्या पिढीने रागाने उच्चारला, आणि तो राग रास्तच होता.

1947च्या नोव्हेंबरात भारत आणि हैदराबाद संस्थान यांच्यात जैसे थे करार झाला, पण शाई वाळते न वाळते तोच निजाम सरकारने सोन्याचांदीची भारतात निर्यात बंद केली आणि भारतीय चलन संस्थानात बेकायदा ठरवले. पुढे भारताने आर्थिक नाकेबंदी केल्याचा आरोप हैदराबादेने केला. दिल्लीने तो नाकारला. संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता, म्हणून शस्त्रे कराचीहून विमानाने येत. ती आणणारा वैमानिक म्हणजे सिडनी कॉटन. इकडे उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून स्वातंत्र्यसैनिक संस्थानात शिरत, आणि करोडगिरीचे नाके हे त्यांच्या हल्ल्यांचे ठरलेले लक्ष्य असे. त्यांच्या लेखी तो नाका म्हणजे दारात उभे असलेले निजामाचे राज्य. ऑगस्ट 1948मध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेत तक्रार नेली; 13 सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या, 17ला निजाम शरण आला.