स्मृतीचे माप आणि मापाची भाषा

वार्धक्यात बुद्धीची धार बोथट होते, हे निरीक्षण प्राचीन आहे. ती किती बोथट झाली हे गुणांत मोजण्याची रीत मात्र अर्वाचीन. या रीतीचा इतिहास बहुधा वैद्यकाच्या अंगाने सांगितला जातो. आम्हांला तो येथे भाषांतराच्या अंगाने पाहावयाचा आहे आणि त्यासाठी अमेरिकेतील स्पॅनिशभाषक वृद्धांचे उदाहरण आम्ही घेत आहोत.

१९७५ साली मार्शल फोल्स्टिन, सुझन फोल्स्टिन आणि पॉल मॅकह्यू यांनी ३० गुणांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. आजची तारीख, शंभरातून सात-सात वजा करणे, तीन शब्द ध्यानात ठेवणे, एक वाक्य लिहिणे, एक आकृती पाहून काढणे, असे तिचे स्वरूप. २४ पेक्षा कमी गुण मिळाले की शंका घ्यावी, असा संकेत पुढे रूढ झाला. चाचणी सोपी आणि झटपट होणारी असल्याने ती अनेक भाषांत गेली, स्पॅनिशमध्येही गेली.

भाषांतराचा पेच येथे सुरू होतो. इंग्रजी चाचणीत ‘जग’ या अर्थाच्या शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगावी लागतात. स्पॅनिशमध्ये त्याजागी ‘मुंदो’ आला. त्याचीही रोमन अक्षरे पाचच, म्हणून भाषांतर बिनचूक वाटते. परंतु स्पॅनिशचे लेखन उच्चाराशी बरेच जुळते असल्याने स्पेलिंग तोंडाने घोकण्याची सवय त्या भाषेच्या शाळेत फारशी नसते. मराठी वाचकास हे सहज उमगेल. ‘जग’ उलटे केले की ‘गज’ होतो. ती कसोटी राहत नाही, शब्दकोडे होते. उभयान्वयी अव्ययांची जी इंग्रजी उक्ती पुन्हा म्हणावयाची असते, तिचीही तीच गत. स्पॅनिशमध्ये तिच्या जागी ‘ना हो, ना नाही, ना पण’ अशा अर्थाचे सुटसुटीत शब्द आले आणि मुळातील उच्चाराची अडचण नाहीशी झाली. शब्दार्थ पोहोचला, काठिण्य पोहोचले नाही. एक प्रश्न अवघड झाला, दुसरा सोपा. गुणांची बेरीज मात्र ३० च राहिली.

दुसरा प्रश्न परीक्षार्थींचा. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो परिसरात १९९८ साली मेरी हान यांच्या नेतृत्वाखाली ६० वर्षांवरील १,७८९ लॅटिनो व्यक्तींचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. ही पिढी १९३८ पूर्वी जन्मलेली. तिच्या शालेय वयात कॅलिफोर्नियाच्या अनेक गावांत मेक्सिकन मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. ‘मेंडेझ विरुद्ध वेस्टमिन्स्टर’ खटल्यात त्यांविरुद्ध निकाल लागला १९४६ साली, आणि अपिलात तो कायम झाला १९४७ साली. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो करारांखाली मेक्सिकोतून शेतमजूर आणले गेले. त्यांतील बहुतेकांचे शिक्षण अल्प होते. सत्तरीतल्या अशा माणसाच्या हाती पेन्सिल देऊन आकृती काढावयास सांगितली, तर कागदावर जे उमटेल त्यात मेंदूचा किती वाटा आणि न लाभलेल्या शाळेचा किती?

कमी शिकलेल्यांसाठी उंबरठा खाली आणावा, हे उत्तर सुचते. ते अपुरे आहे. उंबरठा वर ठेवला तर निरोगी माणसावर रोगाचा शिक्का बसतो. खाली आणला तर खरा ऱ्हास ‘शिकलेला नाही, म्हणून’ या सबबीखाली झाकला जातो. दोन्हीकडे किंमत मोजतो तो वृद्ध आणि त्याचे घर. दुसरा मार्ग कष्टाचा आहे: दोन्ही भाषांसाठी कसोट्या एकत्रच रचणे. डॅन मुंगास आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिश-इंग्रजी कसोट्यांचा संच याच रीतीने घडविला. येथे मूळ संहिता आणि अनुवाद हा भेदच उरत नाही.

‘हिस्पॅनिक’ हा गटही इतिहासाने घडविला आहे. अमेरिकी जनगणनेत हा प्रश्न सर्व घरांना प्रथम विचारला गेला १९८० साली. २००८ ते २०११ या काळात ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो येथे १६,४१५ जणांची नोंद करून मोठा आरोग्य-अभ्यास उभा राहिला. त्यातील पन्नाशीपुढील ६,३७७ जणांची बौद्धिक तपासणी पुढे झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण सरासरी ९.८ टक्के होते. परंतु क्यूबन, पोर्तोरिकन, मेक्सिकन अशा गटांत ते सारखे नव्हते. हृदयविकाराचा धोका आणि नैराश्याची लक्षणे यांच्याशी त्याचा संबंध दिसला. एका नावाखाली अनेक इतिहास नांदत होते.

द्विभाषिकतेबाबतही असेच. सॅन डिएगो येथील तामार गोलान आणि सहकाऱ्यांना २०११ साली असे आढळले, की अल्पशिक्षित हिस्पॅनिक रुग्णांत दोन भाषांवरील प्रभुत्व जितके अधिक, तितके अल्झायमरचे निदान उशिरा होते. सुशिक्षितांत हा संबंध दिसला नाही. हैदराबादेत सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासून २०१३ साली दाखविले, की द्विभाषिकांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला, आणि निरक्षरांतही हा फरक होता. उलट उत्तर मॅनहॅटनमधील स्पॅनिशभाषक वृद्धांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या २०१४ सालच्या अभ्यासात द्विभाषिकतेने ऱ्हासाचा वेग कमी झालेला आढळला नाही. वाद मिटलेला नाही.

आम्ही वर्गात भाषांतर शिकवितो तेव्हा उणीव राहिली तर एखादी छटा हरवते, असे म्हणतो. येथे त्याच उणिवेपायी माणसाच्या शहाणपणाविषयी निर्णय होतो. आपल्याकडील वृद्धांसमोर अशी चाचणी येईल तेव्हा ती त्यांच्या बोलीत आणि त्यांच्या शाळेचा इतिहास जाणून घडविली आहे का, हे विचारणे भाषेच्या अभ्यासकांचेही काम आहे.