विमानाची गरम नळी

पाटाला पाणी सुटले की पोरे त्यात तळहात आडवा धरून बसतात. पाणी हाताला रेटते आणि वर चढते. हाच रेटा आज विमानाला त्याचा वेग सांगतो, आणि बिनवैमानिकाच्या विमानालाही, ज्याला आपण ड्रोन म्हणतो.

आंरी पितो नावाच्या फ्रेंच इंजिनियराने १७३२ साली पॅरिसच्या सेन नदीत हा रेटा मोजला. जितके खोल, तितका प्रवाह वेगवान, असे तेव्हा विद्वान सांगत. पितोने काटकोनात वाकवलेली नळी प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात सोडली, नळीतले पाणी किती चढते ते पाहिले, आणि उलटच निघाले! खोलवर वेग कमी होतो. शाळेच्या गुरुजींनी हा प्रयोग पाटावर जरूर करावा. पाणी सेकंदाला १ मीटर धावत असेल तर नळीत ते सुमारे ५ सेंटिमीटर चढेल. २ मीटर धावत असेल तर २०. वेग दुप्पट, चढ चौपट.

विमानात पाण्याऐवजी हवा. नळीच्या तोंडावरचा दाब आणि विमानाच्या कुशीतल्या छिद्रातला शांत हवेचा दाब, या दोहोंतल्या फरकावरून वेग कळतो. कुणी म्हणेल, आता उपग्रह वेग सांगतात, मग नळी कशाला? अहो, उपग्रह जमिनीवरचा वेग सांगतो. पंखांना तोलून धरते ती समोरून येणारी हवा, आणि तिची खबर नळीच देते.

पण वर थंडी फार. ढगातले काही थेंब शून्याखालीही पाणीच राहतात आणि कशाला टेकले की क्षणात गोठतात. नळीचे तोंड बुजते. म्हणून तिच्यात विजेची तार घालून, शेगडीसारखी, ती तापवू लागले. गरम नळीची ही पहिली पिढी. तिचे बटण मात्र माणसाने दाबायचे.

१ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कहून एक बोइंग ७२७ विमान बफेलोकडे निघाले. आत तिघेच, सगळे कर्मचारी. नळ्या तापवण्याची बटणे दाबायची राहून गेली. बर्फाने नळीचे तोंड बुजले, पाणी निथळण्याचे छिद्रही बुजले, आणि आतला दाब आतच कोंडला. विमान चढत गेले तशी बाहेरची हवा विरळ झाली, दाबातला फरक वाढला, आणि काटा सांगू लागला: वेग वाढतोय! वेग आवरायला वैमानिकांनी नाक आणखी वर उचलले. प्रत्यक्षात वेग घटत होता. सुमारे २४,८०० फुटांवर पंखांचा आधार सुटला आणि दीड मिनिटाच्या आत विमान स्टोनी पॉइंटजवळ जमिनीवर आदळले. तिघेही गेले.

बंद नळी गप्प बसत नाही, बरं का; ती खोटे बोलते. १९७८ मध्ये अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांसाठी नियम केला, की नळी तापत नसेल तर वैमानिकासमोर दिवा लागलाच पाहिजे. पुढे पुष्कळ विमानांत नळी आपोआप तापू लागली.

एवढ्यावर भागले असे वाटले होते. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाणारे एअरबस ए-३३० अटलांटिकवर सुमारे ३५,००० फुटांवरून चालले होते. नळ्या तीन होत्या, तिन्ही तापलेल्या. पण त्या उंचीवर ढगात बर्फाचे बारीक स्फटिक होते, आणि नळ्या पारखण्याचे तेव्हाचे नियम मुख्यत्वे थंडगार थेंब डोळ्यांपुढे ठेवून केलेले. स्फटिक इतके आले की उष्णता अपुरी पडली. नळ्या मिनिटभरही बंद नव्हत्या. पण तेवढ्यात स्वयंचालक यंत्रणा सुटली, वैमानिकाने नाक वर उचलले आणि विमान समुद्रात पडले. २२८ माणसे गेली. त्या जातीच्या नळ्या मग काढून टाकल्या गेल्या, आणि २०१४ मध्ये अमेरिकेने परीक्षेत स्फटिकही धरले.

आता ड्रोनकडे या. शेतात औषध फवारणारे ड्रोन पंख्यांच्या जोरावर जागीच तरंगते, त्याचे या नळीवाचून अडत नाही. पण पंख पसरून लांब जाणाऱ्या ड्रोनला ती हवीच. तिथे शंका घेणारा माणूस आत बसलेला नाही. काटा खोटे बोलला, तर यंत्र तेच खरे मानून नाक उचलील, अगदी स्टोनी पॉइंटसारखे. शिवाय लहान ड्रोनची सारी शिदोरी म्हणजे एक बॅटरी. नळी सतत तापवली तर उड्डाणच आखूड होते. म्हणून नव्या पिढीच्या नळीत उष्णतामापक बसवतात. तो गारठा पाहून वीज कमी-जास्त करवतो, आणि तार तुटली तर जमिनीवर कळवता येते. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच: नळी किती तापते याहून, ती तापत नाही हे कळणे.

एका शत्रूपुढे मात्र या साऱ्या पिढ्या सारख्याच. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकात पोर्तो प्लाताजवळ एक बोइंग ७५७ समुद्रात पडले, १८९ माणसे गेली. विमान काही दिवस उभे होते आणि नळी झाकलेली नव्हती. कुंभारीण माशीने आत मातीचे घर केले असावे, असा तपासाचा कयास. मातीला ऊब काय करणार? तिथे उभ्या विमानाच्या नळीवर घालायची कापडी टोपीच कामाची. आणि उडण्याआधी ती आठवणीने काढायची.