श्वसनसंसर्गातील पेयपथ्य

श्वसनसंसर्गातील पेयपथ्य : सर्दी, खोकला, फ्लू किंवा न्यूमोनिया झालेल्या रुग्णाने काय, किती व कसे प्यावे याविषयीचा सल्ला. ‘भरपूर पाणी प्या, कोमट प्या, थंड बंद’ हे त्याचे सर्वपरिचित रूप. छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालय (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, स्थापना १९५६) असो की कॉलनीतला दवाखाना, गोळ्यांच्या चिठ्ठीमागोमाग हे वाक्य ऐकू येतेच. त्यातला ‘भरपूर’ म्हणजे किती पेले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

सल्ल्यामागचा तर्क सरळ आहे. तापात घामावाटे आणि जलद श्वासावाटे पाणी जाते, नाक चोंदल्याने तोंडाने श्वास घ्यावा लागतो व घसा कोरडा पडतो. तोंडाची चव गेल्याने खाणेपिणेही घटते. शहरातला उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ही तूट आणखी वाढते.

पुरावा मात्र तोकडा आहे. ऑस्ट्रेलियातील मिशेल गप्पी व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. जास्त पाणी पिणारे व नेहमीइतकेच पिणारे रुग्ण यांची तुलना करणारी एकही यादृच्छिक चाचणी त्यांना सापडली नाही. उलट बाजूची नोंद मात्र मिळाली : मध्यम ते तीव्र न्यूमोनिया झालेल्या मुलांच्या दोन पाहण्यांत अनुक्रमे ३१ व ४५ टक्के मुलांच्या रक्तातील सोडियम कमी होते. फुप्फुसाच्या संसर्गात मूत्ररोधक संप्रेरक गरजेपेक्षा जास्त स्रवू शकते. मग मूत्रपिंडे पाणी धरून ठेवतात आणि वरून आणखी पाणी पाजले तर रक्त पातळ होते. सोडियम फार उतरले की गुंगी येते, झटकेही येऊ शकतात. म्हणूनच रुग्णालयात दाखल केलेल्या अशा मुलाला पाणी किंवा सलाइन किती द्यायचे हे डॉक्टर मोजूनमापून ठरवतात. हृदयविकार व मूत्रपिंडविकार असलेल्यांनाही ‘भरपूर’ लागू नाही.

साध्या सर्दीत तहान आणि लघवी हीच मोजमापे पुरतात. लघवी फिकट व नेहमीइतकी होत असेल तर आग्रह करून पाजण्याचे कारण नाही. गडद व थोडी होत असेल, जीभ सुकली असेल, तर घोट घोट पण वारंवार द्यावे. चरकसंहितेतील ज्वरचिकित्सेत तापातल्या तहानेवर नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुंठ इत्यादी सहा द्रव्यांचे षडंगपानीय सांगितले आहे. तेव्हा तापकऱ्याला पाणीच देऊ नये, या घरगुती समजुतीला आयुर्वेदाचाही आधार नाही.

गरम पेयांचा आराम खरा, पण अल्पजीवी असतो. १९७८ च्या एका अमेरिकी प्रयोगात गरम पाण्याने व कोंबडीच्या सूपने नाकातला शेंबूड वेगाने सरकला, परंतु अर्ध्या तासात वेग पूर्वपदावर आला. या शहरात त्यासाठी पर्यायांची वाण नाही : गवती चहा-आल्याचा काढा, मुगाचे कढण, हुलग्याचे माडगे, ज्वारीची आंबील, जुन्या शहरातली पाया किंवा यखनी. कढण-माडग्यातून पाण्याबरोबर मीठ व थोडे अन्नही जाते, म्हणून जेवण तुटलेल्या रुग्णाला ती नुसत्या पाण्यापेक्षा बरी. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाच्या शिफारशीनंतर काढ्याला उधाण आले. सुंठ-मिरीच्या अतिरेकाने छातीत जळजळ झाल्याच्या तक्रारीही तेव्हा घरोघरी होत्या. दुधाने कफ वाढतो हा समज पक्का आहे, पण ॲडलेडमध्ये स्वयंसेवकांना मुद्दाम सर्दीचा विषाणू देऊन केलेल्या, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दूध व शेंबडाचे प्रमाण यांचा संबंध दिसला नाही. हळदीचे दूध आवडत असेल तर खुशाल प्यावे.

शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते आणि कित्येक वर्षे नळ अनेक दिवसांआड सुटत आला आहे. ड्रमात वा हौदात साठवलेले पाणी आजाऱ्याला उकळूनच द्यावे. खोकल्यात जुलाबाची भर नको.

सहा महिन्यांपर्यंतच्या, केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचे पाणी नको, अंगावरचे दूधच जास्त वेळा पाजावे. वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवू नये. त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. मूल पिऊ शकत नसेल, प्यायलेले सगळे उलटत असेल, सुस्त पडले असेल किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल (बोलीत ‘पोट उडते’), तर काढा बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. मोजायचे तर श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत : दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक असल्यास तो जलद श्वास समजतात.