पवनार ते पोचमपल्ली : भरवशाने चाललेली एक वाट

८ मार्च १९५१ रोजी वर्ध्याजवळच्या पवनार येथील परमधाम आश्रमातून विनोबा भावे काही मोजक्या सहकाऱ्यांसह दक्षिणेकडे पायी निघाले. हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरावयाचे होते. विनोबा जाण्यास फारसे उत्सुक नव्हते. शंकरराव देव यांनी आग्रह धरला, तेव्हा ते यायला तयार झाले. पण गाडीने नव्हे, पायी. अंतर सुमारे तीनशे मैल आणि विनोबांचे वय पंचावन्न.

हा निर्णय आज वाटतो तितका सहज नव्हता. वर्धा हे रेल्वेमुळे वाढलेले गाव. मुंबई-नागपूर मार्गावरचे हे ठाणे. येथूनच बल्लारशामार्गे काझीपेठकडे जाणारा लोहमार्ग दक्षिणेत उतरतो. गांधीजी सेवाग्रामला राहू लागल्यापासून देशभरातले नेते याच स्थानकावर उतरत आले होते. त्या गावातून हैदराबादला पायी जाणे म्हणजे हाताशी असलेली सोय समजून-उमजून बाजूला सारणे होते. त्यामागे पवनारच्या आश्रमात सुरू असलेला ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग होता. पैशाच्या व्यवहारावाचून, अंगमेहनतीच्या शेतीवर आश्रम चालू शकेल का, याची परीक्षा तेथे चालली होती. तिकीट काढून संमेलनाला जाणे त्या प्रयोगाशी विसंगत ठरले असते. म्हणजे या पदयात्रेचा उगम भूदानात नाही. जमीन मागण्याचा विचारही तेव्हा कुणाच्या मनात नव्हता.

वाट यवतमाळ जिल्ह्यातून आदिलाबादकडे जात होती. वर्धा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होते, तर पैनगंगेपलीकडचा मुलूख हैदराबाद राज्यात. आदिलाबादच्या उत्तर भागात मराठी कानावर पडते, मग गोंडी, उर्दू, आणि पुढे सारा तेलुगू प्रदेश. वेल्लोरच्या तुरुंगात असताना विनोबांनी दक्षिणेच्या चारही भाषांचा अभ्यास केला होता, हे खरे. परंतु एखाद्या प्रदेशाची भाषा वाचता येणे निराळे आणि त्या प्रदेशाची व्यथा ठाऊक असणे निराळे.

मराठी वाचकाला अशा प्रवासाची तुलना वारीशी करण्याचा मोह होतो. दोन्हींत पायी चालणे आहे, मुक्काम आहे, गावाने घातलेले जेवण आहे. पण वारकऱ्याची वाट शतकांनी मळलेली असते. कोणत्या गावी कोणत्या फडाचा मुक्काम, हे ठरलेले असते. आणि वाटेच्या शेवटी काय आहे, याविषयी त्याला शंका नसते. पवनारहून निघालेल्या या मंडळींजवळ पाठ झालेली वाट नव्हती. त्यांचे नाते वारकऱ्यापेक्षा मागून खाणाऱ्या भिक्खूशी अधिक जवळचे. गावात शिरावे, मिळेल ते खावे, जे ऐकू येईल ते ऐकावे आणि पहाटे पुढे निघावे, एवढाच त्यांचा शिरस्ता होता.

महिनाभराने ही मंडळी शिवरामपल्लीला पोचली. संमेलन आटोपल्यावर परतीची वाट धरता आली असती. परंतु पुढे तेलंगण होते. तेथे १९४६पासून जमीनदारांविरुद्ध कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता. रझाकारांचा उच्छाद, १९४८ची पोलीस कारवाई आणि त्यानंतरचे लष्कर-पोलिसांचे तळ या साऱ्यांतून ती खेडी गेली होती. दिवसा सरकारची भीती आणि रात्री बंदूकधाऱ्यांची, अशी तेथील स्थिती. १५ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, विनोबांनी हैदराबादच्या तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेतली आणि ते नलगोंडा जिल्ह्याच्या दिशेने निघाले.

१८ एप्रिलला पोचमपल्लीत जे घडले ते सर्वश्रुत आहे. तेथील दलितांनी आपल्याला जमीन हवी असल्याचे सांगितले : ऐंशी एकर, निम्मी ओलिताची आणि निम्मी कोरडवाहू. सरकारकडे अर्ज करू, हा विनोबांचाही पहिला विचार. मग त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले, आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केले. पुढच्या ५१ दिवसांत तेलंगणातून बारा हजारांहून अधिक एकरांचे दान मिळाले.

या प्रसंगाकडे चमत्कार म्हणून पाहण्याची आपली रीत आहे. तशी ती पाहू नये, असे मला वाटते. रेड्डींच्या औदार्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. परंतु ज्या प्रदेशात जमीन बळाने काढून घेतली जात होती, तेथे ती स्वेच्छेने देण्याला एक निराळा अर्थ होता. देणाऱ्यांच्या मनात करुणेबरोबर धास्तीही असणार. विनोबांच्या टीकाकारांनी हे तेव्हाच म्हटले, आणि ते खोडून काढणे कठीण आहे. तरीही एक गोष्ट उरते. हा प्रश्न त्या गावात उभ्या गावासमोर विचारला गेला, तो विचारणाऱ्याच्या हाती ना बंदूक होती ना सरकारी शिक्का. पायी आलेला पाहुणा म्हणूनच त्याला तो विचारता आला.

परंतु पाहुणेपणाची मर्यादाही येथेच आहे. पाहुणा दुसऱ्या दिवशी पहाटे निघून जातो. दानपत्रावर अंगठा उठला, तरी जमिनीची मोजणी, फेरफार, सातबाऱ्यावरची नोंद, वाद उपस्थित झाल्यास निवाडा, ही कामे गावात टिकून राहणाऱ्या माणसांची. आपल्या विदर्भापुरता मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम १९५३मध्ये झाला, इतर राज्यांनीही कायदे केले. १९५७पर्यंत पाच कोटी एकर हे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात सुमारे बेचाळीस लाख एकरांची दाने जाहीर झाली, त्यांतील सुमारे निम्मी एकट्या बिहारमध्ये. त्यांपैकी बरीच जमीन खडकाळ, वादातली किंवा केवळ कागदावरची निघाली आणि मोठा भाग वाटला गेलाच नाही. मिळेल ते अन्न खाऊन चालण्यातला भरवसा फळाला आला; दिलेला शब्द पाळला जाईल हा भरवसा मात्र अनेक ठिकाणी वाया गेला. पहिल्या भरवशाचा भार चालणाऱ्यांवर होता. दुसरा फसला तेव्हा त्याची किंमत भूमिहीनांनी मोजली. भूदानाचा गौरव करताना आणि त्याची टवाळी करतानाही हा फरक निसटतो.

तेलंगणातून पवनारला परतलेले विनोबा सप्टेंबर १९५१मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून पुन्हा पायी दिल्लीला निघाले, आणि मग वर्षानुवर्षे चालतच राहिले. १९५२मध्ये नागपूरच्या प्राध्यापिका निर्मला देशपांडे यात्रेत सामील झाल्या. १९६०च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात काही डाकूंनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. सप्टेंबर १९६२मध्ये ही यात्रा पूर्व पाकिस्तानातून गेली. त्या ‘परक्या’ देशातही त्यांना काही भूमी दान मिळाली. त्याच वर्षी सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या निषेधार्थ दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टनच्या यात्रेला निघाले. खिशात पैसा ठेवू नका, हा विनोबांचा त्यांना सल्ला होता. जवळ पैसे असले की माणूस खाणावळ शोधतो, नसले की त्याला कुणाचे तरी दार ठोठवावे लागते. कांचनमुक्तीचे सूत्र पवनारच्या शेतातून असे दूरवर गेले.

१० एप्रिल १९६४ रोजी विनोबा पवनारला परतले. धाम नदीच्या काठी १९५९मध्ये त्यांनीच स्थापिलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातल्या भगिनी तेव्हा श्रमाचे आणि साधनेचे सामूहिक जीवन जगत होत्या. एका जागी राहून रोज तेच काम करणाऱ्यांचा हा समूह. भूदानाला गावोगावी नेमकी अशाच माणसांची गरज होती, आणि नेमकी तीच कमी पडली. यात्रेचा इतिहास लिहिताना आपण चाललेले मैल मोजतो. वर्धा, नलगोंडा किंवा गया जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात दानाची दोन एकर जमीन कुणाच्या नावे लागली आणि आज ती कोण कसतो, ही नोंद तलाठ्याच्या दप्तरात शोधणे अधिक कष्टाचे आहे. त्या यात्रेचा खरा इतिहास मात्र तेथूनच लिहावा लागेल.