उघडे कार्ड, बंद पाकीट

मध्य रेल्वेच्या जन्मकथेत भांडुपला मानाचे स्थान आहे. मुंबई सरकारचा मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला आला असताना मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व भोर घाट जोडणाऱ्या लोहमार्गाची कल्पना त्याला सुचली, अशी नोंद आहे. दहा वर्षांनी गाडी धावली आणि टपालाचा वेगही वाढला. १८५४ मध्ये अंतर न पाहता वजनावर टपालदर ठरला, १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, १९५० मध्ये आंतर्देशीय पत्र आले. सर्वांत स्वस्त साधन सर्वांत उघडे, आणि मजकूर झाकायचा तर जास्त पैसे, ही उतरंड तेव्हापासूनची. ब्राउझरची आणि ईमेलची सेटिंग कडक करा, हा सल्ला अनेकांना संगणकवाल्यांचे नवे खूळ वाटतो. मला तो याच जुन्या व्यवहाराचा पुढचा भाग वाटतो. फक्त मधल्या काळात निवड आपल्या हातून निसटली आणि तिचा पत्ताही आपल्याला लागला नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: भांडुपच्या चाळींत आणि डोंगरउतारावरच्या वस्त्यांत खासगीपणा होताच कुठे? टेंभीपाडा, तुळशेतपाडा, कोकणनगर इथे भिंतीला भिंत लागलेली. टायरच्या कारखान्यात किंवा लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या इतर कारखान्यांत राबणाऱ्या चाकरमान्याचे पत्र गावी पोस्टमन किंवा मास्तर वाचून दाखवणार, मनीऑर्डरीच्या कुपनावरच्या दोन ओळीही दहा जणांना ठाऊक होणार. हे सारे खरे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. कार्ड उघडे असते हे लिहिणाऱ्याला पक्के माहीत होते आणि तो त्या हिशेबानेच लिही. खुशाली, पावसापाण्याची चौकशी, गणपतीला येण्याचा दिवस कार्डावर जाई. भाऊबंदकीचा, कर्जाचा किंवा सोयरिकीचा विषय निघाला की ‘बाकी समक्ष भेटीत’ लिहून लेखणी थांबे, नाहीतर पाकिटाचे जादा पैसे मोजले जात. मृत्यूची बातमी कळवताना कार्डाचा कोपरा फाडत, म्हणजे तिथे उघडेपणाच उपयोगी पडे. माणसांना खासगीपणाची समज नव्हती असे नव्हे. तो कुठे मिळतो आणि कुठे नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते.

सरकारचा हात अर्थात पाकिटापर्यंतही पोचत होता. १८९८ च्या टपाल कायद्याचे कलम २६ आणीबाणीच्या किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणाने पत्र अडवण्याची मुभा देत असे. १९८६ मध्ये हे अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने मंजूर केले, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन चोरून ऐकण्यावर बंधने घातली, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा यायला २०१७ चा ऑगस्ट उजाडला. कायदा येतो, पण नेहमी गाडी सुटल्यावर.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. घरी संगणक घेणे उपनगरांतल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून सायबर कॅफे आले. या कॅफेंसाठी २०११ मध्ये केंद्राने केलेले नियम वाचण्यासारखे आहेत: ओळखपत्र पाहा, नोंदवही ठेवा, कोणी कोणती संकेतस्थळे पाहिली याची नोंद वर्षभर जपा, खुराड्याची भिंत साडेचार फुटांपेक्षा उंच नको, आणि खुराड्याबाहेरच्या संगणकांचे पडदे सर्वांना दिसतील असे ठेवा. यामागे कारण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. २००८ मध्ये बॉम्बस्फोटांच्या जबाबदारीचे ईमेल सानपाड्यातल्या एका घराच्या, माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायमधून गेले होते. पण ही उदाहरणे उलटी वाचायला हवीत. त्या तिन्ही ठिकाणी दुसऱ्याने गैरफायदा घेतला तो जाळे उघडे राहिले म्हणून, आणि चौकशीचा ससेमिरा लागला तो मालकांच्या मागे. नंतर पोलिसांनीच मुंबईकरांना वाय-फायला पासवर्ड लावायला सांगितले. ‘लपवण्यासारखे नसेल तर भीती कसली’ म्हणणाऱ्यांना याहून जवळचे उत्तर नको. दार लावून घेणे गुन्हेगारालाच लागते, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता.

कॅफे गेले आणि पडदा खिशात आला. आता शेजारी डोकावत नाही, पण पान स्वतःच बातमी देते. १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली याने कुकी आणली, ती संकेतस्थळाला आपले गिऱ्हाईक लक्षात राहावे म्हणून. जाहिरातदारांनी तिचा उपयोग एका साइटवरून दुसऱ्या साइटवर पाठलाग करायला केला. ईमेलमध्ये डोळ्यांना न दिसणारे एका बिंदूचे चित्र घालतात. पत्र उघडताच ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवले जाते आणि कधी उघडले हे त्याला कळते. पाकिटासारखे दिसणारे आणि वर वाचल्याची वर्दी देणारे हे पत्र. भांडुपच्या चाकरमान्याला कार्डाचे उघडेपण दिसत होते, आपल्याला हे दिसत नाही, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे.

सेटिंग बदलून काय होणार, फोन नंबर तर सगळ्यांकडे आहे, असे म्हणणारे अर्धे बरोबर आहेत. कुकी बंद केल्या तरी यंत्राच्या ठेवणीवरून माणूस ओळखण्याच्या युक्त्या आहेत, आणि खासगी विंडो फक्त आपल्याच यंत्रावरचा इतिहास पुसते. पण पाकिटाला डिंक लावणाऱ्यालाही वाफेने ते उघडता येते हे माहीत होते. त्याने डिंक लावणे सोडले नाही, कारण प्रत्येक पाकीट वाफेवर धरायला कोणाला सवड नव्हती. शिवाय बहुतेक माणसे मूळ ठेवणीला हात लावत नाहीत, आणि ती ठेवण कोणाच्या सोयीची हे कंपनी ठरवते. फायरफॉक्सने २०१९ मध्ये पाठलागाच्या ज्ञात कुकी आपणहून अडवल्या, सफारीने २०२० मध्ये परक्या साइटच्या कुकी सरसकट रोखल्या. जाहिरातीवर चालणाऱ्या गुगलने त्याच वर्षी तसे आश्वासन दिले आणि २०२४ मध्ये बेत सोडला. तेव्हा क्रोम वापरत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन परक्या साइटच्या कुकी आजच बंद करा, आणि जीमेलमध्ये बाहेरची चित्रे दाखवण्याआधी विचारण्याचा पर्याय निवडा.