दिव्यांगांच्या संस्थेची नोंदणी: भिंतीवर कोणते प्रमाणपत्र हवे?

दिव्यांगांसाठी निवासी शाळा, कार्यशाळा किंवा आश्रयगृह चालवणाऱ्या संस्थेला "तुमची नोंदणी आहे का?" असे विचारले की बहुतेक वेळा धर्मादाय आयुक्त कार्यालयाचा नोंदणी क्रमांक पुढे येतो. सोबत संस्था नोंदणी अधिनियम, १८६० चे प्रमाणपत्र, आयकर खात्याचे ८०-जी आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक. ही सगळी कागदपत्रे खरी असू शकतात. पण ती संस्थेच्या अस्तित्वाची, हिशेबाची आणि देणग्यांची आहेत. त्या इमारतीत रात्री किती मुले झोपतात, दाराला बाहेरून कुलूप लागते का, मुलींना आंघोळ कोण घालते, यातले काहीच ती सांगत नाहीत. दिव्यांगांना सेवा देणारी संस्था चालवायची तर वेगळी नोंदणी लागते आणि ती ऐच्छिक नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे कलम ५० स्पष्ट आहे: सक्षम प्राधिकाऱ्याच्या नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठी संस्था सुरू करता येत नाही आणि चालवताही येत नाही. हा प्राधिकारी राज्य सरकार नेमते. 'संस्था' या शब्दात फक्त वसतिगृह येत नाही. सांभाळ, संरक्षण, शिक्षण, प्रशिक्षण आणि पुनर्वसन हे सगळे त्यात धरले आहे. मानसिक आजारी व्यक्तींसाठीच्या आणि त्या कायद्याखाली परवाना घेतलेल्या संस्था तेवढ्या यातून वगळल्या आहेत. ही अट कालपरवाची नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातही ती होती. म्हणजे "आम्हाला माहीतच नव्हते" हे उत्तर आता चालण्यासारखे नाही.

अर्ज आल्यावर प्राधिकाऱ्याने चौकशी करायची आणि ९० दिवसांत निर्णय द्यायचा. राज्याने ठरवलेल्या सुविधा आणि दर्जा यांची पूर्तता करण्याच्या स्थितीत संस्था नसेल, तर प्रमाणपत्र देता येत नाही. नकार द्यायचा तर आधी संस्थेचे म्हणणे ऐकायचे आणि कारण लेखी कळवायचे. प्रमाणपत्राला मुदत असते आणि ती संपण्याच्या किमान ६० दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा लागतो. सामान्य पालकाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी अट मात्र अगदी छोटी आहे: प्रमाणपत्राची प्रत संस्थेत ठळक जागी लावलेली असली पाहिजे. त्यामुळे ती दाखवा असे म्हणताना संकोच करण्याचे कारण नाही. महापुरुषांच्या तसबिरी, मंत्र्यांच्या हस्ते घेतलेले सत्कार आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे भिंतीवर असतातच. त्यांच्या शेजारी हा कागद आहे का आणि त्यावरची तारीख उलटून गेली आहे का, ते पाहावे.

अर्जात खोटी माहिती दिली किंवा अटी मोडल्या तर चौकशी करून नोंदणी रद्द करता येते. तेव्हा तिथे राहणाऱ्यांना आईवडील, जोडीदार किंवा कायदेशीर पालकाच्या ताब्यात देण्याचा किंवा दुसऱ्या संस्थेत हलवण्याचा आदेश प्राधिकारी देऊ शकतो. ज्याला घरच नाही, त्याच्यासाठी ती दुसरी संस्था कुठली, हा प्रश्न कागदावर सुटतो तितका प्रत्यक्षात सुटत नाही.

महाराष्ट्राला या नियमांची किंमत ठाऊक आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथे बौद्धिक दिव्यांग मुलांच्या वसतिगृहातील हाल २०१० मध्ये वर्तमानपत्रांतून बाहेर आले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढच्याच वर्षी पनवेलजवळच्या कळंबोलीतील आश्रयगृहात बौद्धिक दिव्यांग मुलींवर झालेले लैंगिक अत्याचार उघड झाले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने त्या प्रकरणातील काही आरोपींना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या. अशा ठिकाणी मुले आपल्यावर काय बेतले ते सांगू शकत नाहीत, सांगितले तरी त्यांचे कुणी खरे मानत नाही. म्हणून बाहेरच्या माणसाने आत येऊन पाहणे हाच त्यांचा खरा आधार असतो.

आणि इथेच आजचा कायदा तोकडा पडतो, असे आमचे मत आहे. कलम ५४ नुसार केंद्र किंवा राज्य सरकारच्या स्वतःच्या संस्थांना हे नोंदणीचे प्रकरण लागूच नाही. सरकारी भिंतीआड हाल होत नाहीत असे कुणी धरून चालले असेल, तर ते चूक आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मात्र काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या सरकारी गृहांनाही नोंदणी सक्तीची करतो. शिक्षेतही असाच फरक आहे. बाल न्याय कायद्यात नोंदणी न करणाऱ्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दिव्यांग कायद्यात नोंदणी न करण्यासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही. कायद्याच्या कोणत्याही भंगासाठी असलेला सर्वसाधारण दंडच लागतो. पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत, त्यानंतर पन्नास हजार ते पाच लाख. पन्नास खाटांचे गृह चालवणाऱ्याला दहा हजार म्हणजे किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय दिव्यांग विमा योजनेसाठी २०१८ पासून स्वतंत्र गुणवत्ता व सुरक्षा आयोग काम करतो. नोंदणी हवी असलेल्या सेवादात्याची तपासणी आयोगाने मान्य केलेले स्वतंत्र परीक्षक करतात आणि जास्त जोखमीच्या सेवांसाठी ती अधिक कडक असते. मृत्यू, गंभीर दुखापत किंवा अत्याचार घडल्यास नोंदणीकृत सेवादात्याने तो २४ तासांत आयोगाला कळवायचा असतो. तिथेही सगळे सेवादाते नोंदणीकृत नाहीत आणि त्यावर बराच वाद झाला आहे. पण आचारसंहिता नोंदणी नसलेल्यांनाही लागू आहे. आपल्याकडे निदान घटना कळवण्याचा इतका काटेकोर नियम तरी घेण्यासारखा आहे.

संस्थेबरोबर माणसेही तपासावीत. विशेष शिक्षक, वाचाउपचार तज्ज्ञ यांसारख्या व्यावसायिकांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. १९९२ च्या कायद्याने ते बंधनकारक आहे. त्यांचा नोंदणी क्रमांक विचारता येतो. आत्ममग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांसाठी काम करणाऱ्या काही संस्था राष्ट्रीय न्यासाकडेही नोंदलेल्या असतात. ती नोंद असली तरी कलम ५० चे प्रमाणपत्र मागावेच.

आपल्यातले अनेक कार्यकर्ते तळमळीने अशी कामे सुरू करतात. त्यांनी आधी मुले आणि मग कागद असा क्रम लावू नये. नोंदणीकृत संस्थेलाच सरकारी अर्थसाहाय्य मिळू शकते, हेही लक्षात असू द्यावे.

कुठे मारहाण, उपासमार किंवा शोषण होत असल्याची शंका असेल, तर पुराव्याची वाट पाहत बसायची गरज नाही. कलम ७ नुसार कोणतीही व्यक्ती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे व्यवहारात तहसीलदाराला, माहिती देऊ शकते. पीडिताची सुटका करण्याचा आदेश तो देऊ शकतो. ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणे हा कलम ९२ खाली गुन्हा असून त्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे. नोंदणीविषयीची तक्रार पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.